अठराव्या वर्षी लावलेला भाव

‘बाळाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हण आपल्या घरोघरी इतक्या सहजतेने उच्चारली जाते की, ती खरी आहे की नाही याचा विचार करण्याचे कारण कोणास पडत नाही. मुलगा मोठा होऊन कर्तबगार निघाला म्हणजे ‘आम्ही तेव्हाच ओळखले होते’ असे सांगणारे दहाजण भेटतात. तो तसा निघाला नाही, तर ही म्हण कोणास आठवत नाही. जमेची बाजू तेवढी लिहावयाची आणि नावेची बाजू कोरी सोडावयाची, अशी वही कोणत्याही पेढीवर चालणार नाही. मुलांच्या बाबतीत मात्र आपण ती पिढ्यान्‌पिढ्या चालवीत आलो आहोत.

जगात एक व्यवसाय असा आहे की, ज्याने या म्हणीवर कोट्यवधी डॉलर लावले आहेत, आणि तिच्या दोन्ही बाजूंचा हिशेबही चोख लिहून ठेवला आहे. तो म्हणजे उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकी. हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मेजर ध्यानचंद आणि हिरवे मैदान उभे राहते. ही हॉकी निराळी. ती बर्फाच्या गुळगुळीत रिंगणात, पात्यांचे बूट घालून, चेंडूऐवजी रबराची चपटी चकती काठीने ढकलीत खेळली जाते. कॅनडात तिचे वेड आपल्याकडील क्रिकेटच्या वेडासारखेच आहे. तेथील नॅशनल हॉकी लीगमध्ये कॅनडाचे ७ आणि अमेरिकेचे २५ असे ३२ संघ खेळतात. दर उन्हाळ्यात हे संघ अठरा वर्षांच्या आसपासची मुले निवडतात आणि मग निवडलेल्या मुलाचे पुढे काय होणार, यावर वर्षानुवर्षे वाद चालतो. या वादातून आपणास घेण्यासारखे पुष्कळ आहे, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

मागणी नव्हे, क्रमांक

आयपीएलचा लिलाव आपल्या परिचयाचा आहे. तेथे जो अधिक पैसे मोजील त्याच्याकडे खेळाडू जातो. हॉकीतील या निवडीला ‘ड्राफ्ट’ म्हणतात आणि तिची रीत अगदी वेगळी आहे. येथे बोली नाही. गेल्या हंगामात जे संघ तळाशी राहिले, त्यांना निवडीचा मान आधी मिळतो, म्हणजे दुबळ्यास सबळ होण्याची संधी मिळावी. पहिला क्रमांक मिळावा म्हणून कोणी मुद्दाम हरू नये, यासाठी तळाच्या संघांमध्ये सोडत काढली जाते. एकूण सात फेऱ्या होतात आणि सुमारे सव्वादोनशे मुलांची नावे पुकारली जातात. आपण कोणत्या गावी जावे, हे मुलाच्या हाती नसते. ज्या संघाने नाव पुकारले, त्याचाच पुढील काही वर्षे त्याच्यावर हक्क राहतो.

पैशाचा आकडाही येथे आरंभी फारसा बोलत नाही, कारण नवोदिताच्या पहिल्या कराराच्या वेतनावर १९९५ पासून मर्यादा आहे. ही मर्यादा येण्यामागेही एक उदाहरण होते. १९९३ मध्ये ओटावा संघाने अलेक्झांडर डेग या मुलास पहिल्या क्रमांकाने निवडून, एकही सामना खेळण्याआधी त्याच्याशी सव्वाकोटी डॉलरच्या घरातील पाच वर्षांचा करार केला. डेग पुढे ६१६ सामने खेळला, पण ज्या तेजाची आशा होती ते कधी प्रकटले नाही. त्याच वर्षी दुसऱ्या व चौथ्या क्रमांकावर निवडले गेलेले ख्रिस प्रोंगर आणि पॉल करिया मात्र पुढे हॉकीच्या सन्मान-दालनात जाऊन बसले.

अशा रीतीने या बाजारात मुलाचा भाव रुपया-डॉलरमध्ये नव्हे, तर क्रमांकात सांगितला जातो. पहिला, चौथा, बासष्टावा. हा क्रमांक त्या मुलाच्या नावाला आयुष्यभर चिकटतो. तो चाळिशीत निवृत्त झाला तरी बातमीत त्याच्या नावाआधी तोच लिहिला जातो.

दोन मुले

२०२२ च्या निवडीपूर्वी अवघ्या कॅनडात एका नावाची चर्चा होती. शेन राइट. ५ जानेवारी २००४ रोजी ऑन्टारियोतील बर्लिंग्टन येथे जन्मलेला हा मध्य-आघाडीचा खेळाडू पंधराव्या वर्षीच ‘असाधारण’ ठरविला गेला होता. ही केवळ स्तुती नव्हे. तेथील कुमारांच्या लीगमध्ये वयाआधी प्रवेश देण्यासाठी अशी अधिकृत श्रेणी आहे आणि ती फार थोड्यांना मिळते. जॉन टव्हारेस, एरन एकब्लाड आणि कॉनर मॅकडेव्हिड हे तिघे ही श्रेणी मिळवून पुढे ड्राफ्टमध्ये पहिले आले. ती मिळालेला शॉन डे मात्र २०१६ मध्ये ८१ व्या क्रमांकापर्यंत घसरला. म्हणजे पंधराव्या वर्षीचा दाखलाही अठराव्या वर्षी वटेलच, असे नाही.

राइटने पहिल्याच हंगामात ५८ सामन्यांत ३९ गोल केले. दुसरा हंगाम करोनाच्या साथीत पूर्ण रद्द झाला. या वयात गेलेले एक वर्ष म्हणजे काय, हे शाळा-महाविद्यालये बंद असताना घरी बसलेल्या मुलांच्या पालकांना सांगावयास नको. तिसऱ्या हंगामात त्याने ६३ सामन्यांत ९४ गुण मिळविले. (या खेळात केलेला गोल आणि गोलास केलेले साहाय्य या दोहोंना प्रत्येकी एक गुण धरतात.) आकडा उत्तमच होता, परंतु ज्याच्याकडून डोळे दिपविणाऱ्या खेळाची अपेक्षा, त्याच्या उत्तम खेळाचेही लोकांना अप्रूप वाटेना. कुजबुज सुरू झाली.

दुसरा मुलगा युराय स्लाफकोव्हस्की. राइटहून तो अवघ्या बारा आठवड्यांनी लहान. स्लोव्हाकियातील कोशित्से या गावचा. सव्वासहा फूट उंच, अंगाने दणकट. लहान वयात घर सोडून तो फिनलंडमध्ये खेळावयास गेला आणि तेथील प्रौढ व्यावसायिकांच्या लीगमध्ये ३१ सामन्यांत त्याने केवळ १० गुण मिळविले. हा आकडा पाहून कोणी त्याला पहिला म्हटले नसते. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याने ७ सामन्यांत ७ गोल केले. स्लोव्हाकियाला हॉकीतील पहिले ऑलिंपिक पदक, कांस्य, मिळाले आणि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान या मुलास लाभला. मात्र त्या स्पर्धेत नॅशनल हॉकी लीगचे खेळाडू उतरले नव्हते, हेही जाणकारांनी लगेच नोंदविले.

पहिल्या निवडीचा मान त्या वर्षी माँट्रियल कॅनेडियन्स या संघाकडे होता. आदल्याच वर्षी अंतिम फेरी गाठलेला हा संघ २०२१-२२ मध्ये तळाला गेला होता. आणि त्या वर्षीचा ड्राफ्टही त्याच नगरीत, त्याच्याच प्रेक्षागृहात होणार होता.

१९८० ची सावली

माँट्रियलच्या लोकांना या योगायोगाचा आनंद होता तसे भयही होते. कारण यापूर्वी या संघाला पहिली निवड मिळाली ती १९८० मध्ये, आणि ती निवडही माँट्रियलमध्येच, हजारो प्रेक्षकांसमोर झाली होती.

त्या वेळी दोन नावे होती. एक डग विकेनहायझर. पश्चिमेकडील रेजायना संघाकडून त्याने एका हंगामात ८९ गोलांसह १७० गुण मिळविले होते. उंचापुरा, सरळ, निर्दोष खेळाचा. दुसरा डेनी सावार. माँट्रियलच्याच वर्डन भागात वाढलेला, फ्रेंच बोलणारा, बुटकासा, पण बर्फावर भोवऱ्यासारखा गिरकी घेणारा. गावाचे मन सावारवर होते. संघाच्या पारख्यांनी हिशेब केला की, आपणास उंच मध्य-खेळाडू हवा आहे. देशातील सर्वोत्तम कुमार म्हणून ज्याचा गौरव झाला आहे तो विकेनहायझरच. त्याचे नाव पुकारले गेले. सावार तिसऱ्या क्रमांकावर शिकागोकडे गेला.

पुढचा हंगाम सुरू झाला आणि शिकागोचा संघ माँट्रियलला आला. सावारने आपल्याच गावात गोल केला. विकेनहायझरला त्या दिवशी संघात घेतलेले नव्हते. त्या वर्षाअखेर सावारचे ७५ गुण झाले आणि विकेनहायझरचे १५. त्यानंतर त्या बिचाऱ्या मुलाने काय केले, हे कोणी त्याच्यापुरते पाहिलेच नाही. १९८२-८३ मध्ये त्याने २५ गोल केले. कोणत्याही सामान्य खेळाडूस ते भूषण झाले असते; पण प्रत्येक गोल सावारच्या गोलाशेजारी ठेवून मोजला गेला. डिसेंबर १९८३ मध्ये माँट्रियलने त्याला सेंट लुइस संघाकडे देऊन टाकले.

ही गोष्ट माँट्रियलमध्ये आजीआजोबा नातवंडांना सांगतात. ती आपण पुढे पुन्हा हाती घेऊ, कारण तिचा शेवट आजीआजोबांच्या गोष्टीत सहसा नसतो.

सात जुलैची रात्र

७ जुलै २०२२. बेल सेंटर खच्चून भरलेले. पारख्यांच्या अधिकृत यादीत उत्तर अमेरिकेतील खेळाडूंमध्ये राइट पहिला होता आणि युरोपातील खेळाडूंमध्ये स्लाफकोव्हस्की. माँट्रियलच्या व्यवस्थापनाने स्लाफकोव्हस्कीचे नाव पुकारले. पहिल्या क्रमांकाचा मान मिळालेला तो पहिलाच स्लोव्हाक. दुसरे नाव त्याचाच देशबांधव शिमोन नेमेच, तिसरे अमेरिकेचा लोगन कूली. राइट आपल्या आईवडिलांशेजारी बसून होता. जो वर्षभर पहिला म्हणून ओळखला गेला, त्याचे नाव चौथ्याने, सिॲटल संघाकडून पुकारले गेले. व्यासपीठाकडे जाताना त्याने माँट्रियलच्या टेबलाकडे रोखून पाहिले, असे चित्रफीत पाहणाऱ्यांनी ठरविले. त्याने तसा काही हेतू असल्याचे नाकारले. पण लोकांना जे दिसावयाचे होते ते दिसून चुकले होते.

पहिला आणि चौथा यांत अंतर ते किती! सव्वादोनशेंतील चौथा म्हणजे अत्युच्च मानच. तरीही त्या रात्री एक मुलगा ‘जिंकलेला’ व दुसरा ‘पडलेला’ ठरला. दोघांनीही त्या सायंकाळी बर्फावर पाऊल ठेवलेले नव्हते.

वादाच्या दोन बाजू

येथून वाद पेटला. तो केवळ गावगप्पांचा नव्हता. दोन्ही बाजूंना खरे मुद्दे होते.

राइटचे पक्षकार म्हणत: हा मुलगा तयार आहे. त्याला खेळाची समज आहे, बचावाची जबाबदारी कळते. संघाचे नेतृत्व त्याने केले आहे. १८ वर्षांखालील जागतिक स्पर्धेत कॅनडाला सुवर्ण मिळवून दिले आहे. एक हंगाम साथीत बुडाला, त्याचा दोष त्याच्या माथी कसा? दोन आठवड्यांच्या एका ऑलिंपिकवरून तीन वर्षांचे सातत्य कसे डावलता? सात सामन्यांचा खेळ हा सणासुदीचा गल्ला आहे. त्यावरून वर्षाची उलाढाल ठरवीत नाहीत.

स्लाफकोव्हस्कीचे पक्षकार उत्तर देत: समवयस्कांमध्ये मिळविलेले गुण आणि प्रौढांमध्ये मिळविलेले गुण एका तागडीत तोलू नका. हा मुलगा सतराव्या वर्षी तिशीतील गड्यांच्या अंगावर जाऊन खेळला आहे. राइट आज जेथे आहे, त्याच्या फार पुढे तो जाणार नाही. हा मात्र अजून घडावयाचा आहे. आपण आजचा माल घेत नाही, पाच वर्षांनंतरचा घेतो आहोत.

वाचकहो, या दोन बाजूंमध्ये खरा भेद हॉकीचा नाहीच. एक बाजू म्हणते, आज हाती असलेले मोजा. दुसरी म्हणते, उद्या होऊ शकणारे मोजा. दोन्ही मापे खरी आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. पहिल्या मापात वाढ दिसत नाही. दुसऱ्या मापात, आपण जे पाहू इच्छितो तेच दिसण्याचा धोका असतो.

हिशेब उलटतो, पुन्हा उलटतो

आता वही उघडून पाहू.

पहिले वर्ष, २०२२-२३. स्लाफकोव्हस्की थेट मुख्य लीगमध्ये खेळला. ३९ सामन्यांत ४ गोल, एकूण १० गुण. जानेवारीत गुडघ्याला दुखापत होऊन हंगाम संपला. त्याला खालच्या संघात पाठवून आधी घडवावयास हवे होते, ही घाई झाली, असा गलका झाला. आणि राइट? त्या एका वर्षात त्याने पाच संघांची वस्त्रे अंगावर चढविली: सिॲटलचा मुख्य संघ, त्याचा दुय्यम संघ, कॅनडाचा कुमार संघ, त्याचा जुना किंग्स्टन संघ आणि शेवटी विंडसर. मुख्य लीगमध्ये त्याच्या वाट्याला आठच सामने आले. त्यांत ६ डिसेंबरला एक गोल झाला आणि दैवयोग असा की, तो माँट्रियलविरुद्धच. ५ जानेवारी २०२३ रोजी, आपल्या एकोणिसाव्या वाढदिवशी, कर्णधार म्हणून त्याने कॅनडाला जागतिक कुमार स्पर्धेचे सुवर्ण मिळवून दिले. तरीही जो तो विचारीत होता की, हा मुख्य लीगमध्ये टिकणार का? त्या वर्षी वही मिटणाऱ्यांनी लिहिले: दोघेही फसले.

दुसरे वर्ष, २०२३-२४. आरंभीचे महिने स्लाफकोव्हस्कीला जड गेले. संघाने त्याला खाली पाठविले नाही, उलट संघातील उत्तम खेळाडूंच्या जोडीस ठेवले. हंगामाअखेर ८२ सामन्यांत २० गोल, ५० गुण. जुलै २०२४ मध्ये संघाने त्याच्याशी आठ वर्षांचा, वर्षाला सरासरी ७६ लाख डॉलरचा करार केला. राइट ते वर्ष बहुतांश दुय्यम लीगमध्येच होता. ५९ सामन्यांत २२ गोल, मन लावून, गाजावाजा न करता. त्या वर्षी वही मिटणाऱ्यांनी लिहिले: माँट्रियल जिंकले, राइट फसला.

तिसरे वर्ष, २०२४-२५. नोव्हेंबरमध्ये राइटला तीन सामने बाहेर बसविले गेले. परतल्यावर त्याने हंगाम सावरला आणि ७९ सामन्यांत १९ गोलांसह ४४ गुण मिळविले. स्लाफकोव्हस्कीचे ७९ सामन्यांत ५१. दोघांतील अंतर सात गुणांचे. आणि दोन्ही पक्ष भांडत असताना ज्याच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही, तो तिसऱ्या क्रमांकाचा कूली ७५ सामन्यांत ६५ गुणांवर जाऊन पोहोचला होता.

तीन वर्षांत निकाल तीनदा बदलला. मुले तीच होती. फक्त वही मिटण्याची तारीख वेगळी होती.

बासष्टावा, आणि ज्याला कोणीच निवडले नाही तो

याच ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी एक लहानशी घटना घडली. तिची चर्चा त्या वेळी फारशी झाली नाही. लेन हटसन नावाचा एक बचावपटू उपलब्ध होता. कौशल्य अपूर्व, पण उंची पावणेसहा फुटांच्या आसपास, आणि बचावपटू म्हटला की पारखी उंची पाहतात. आपली वाढ अद्याप बाकी आहे, असा वैद्यकीय अभिप्रायही या मुलाने संघांना दाखविला होता. तरी एकसष्ट वेळा त्याचे नाव वगळून दुसरे नाव पुकारले गेले. बासष्टाव्या क्रमांकावर त्याला निवडले ते माँट्रियलनेच.

२०२४-२५ हा हटसनचा पहिला पूर्ण हंगाम. त्यात त्याने ६६ गुण मिळविले, म्हणजे पहिल्या चारही क्रमांकांच्या मुलांहून त्या वर्षी अधिक. सर्वोत्तम नवोदिताचा काल्डर करंडक त्याने पटकाविला. जगाने माँट्रियलला पहिल्या निवडीबद्दल वेठीस धरले. संघाच्या दैवाने मात्र बासष्टाव्या निवडीत हात दिला.

आणखी एक गोष्ट. स्लाफकोव्हस्की आणि हटसन या दोघांना ज्याच्या हाती घडविण्यास दिले, तो माँट्रियलचा प्रशिक्षक मार्टिन सँ लुई. हे पद स्वीकारण्यापूर्वी त्याने मुलांच्या संघांनाच शिकविले होते. खेळाडू म्हणून हा गृहस्थ उंचीने जेमतेम पाच फूट आठ इंच. ड्राफ्टमध्ये त्याचे नाव कोणत्याही संघाने, कोणत्याही फेरीत, कधीही पुकारले नाही. महाविद्यालयातून तो व्यवसायात आला, पहिल्या संघाने त्याला सोडून दिले, आणि मग टँपा संघात जाऊन २००४ मध्ये त्याने लीगमधील सर्वाधिक गुण, सर्वोत्तम खेळाडूचा मान आणि स्टॅन्ली करंडक या तिन्ही गोष्टी एकाच वर्षी मिळविल्या. २०१८ मध्ये तो सन्मान-दालनात गेला. ज्याला कोणीच क्रमांक दिला नाही, त्याच्या हाती पहिल्या क्रमांकाचा मुलगा सोपविला गेला. क्रमांकाचे ओझे कसे उतरवावे हे दुसऱ्या कोणास त्याच्याइतके ठाऊक असणार?

पारखी मूर्ख नसतात

एवढ्यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, पारख ही सारी थोतांड आहे. तो अन्यायाचा ठरेल. मारिओ लेम्यू १९८४ मध्ये, अलेक्झांडर ओव्हेचकिन २००४ मध्ये, सिडनी क्रॉसबी २००५ मध्ये आणि मॅकडेव्हिड २०१५ मध्ये पहिल्याच क्रमांकाने निवडले गेले होते, आणि चौघेही आपापल्या पिढीचे मुकुटमणी ठरले. पहिल्या फेरीतील मुले एकंदरीने सातव्या फेरीतील मुलांहून पुष्कळ पुढे जातात, यात शंका नाही. पण त्याच वहीत पावेल दात्स्युक १७१ वा, हेन्रिक लुंडक्विस्ट २०५ वा आणि हेन्रिक झेटरबर्ग २१० वा अशाही नोंदी आहेत, आणि तिघेही अग्रगण्य खेळाडू झाले.

याचा मेळ असा बसतो. पारख समूहाबद्दल खरी ठरते, एकट्याबद्दल फसते. शंभर गाठी कापूस घेणारा अनुभवी व्यापारी एकूण मालाचा अंदाज अचूक बांधतो. त्यातील एखादी गाठ उघडल्यावर निराश करते, एखादी अनपेक्षित उत्तम निघते. एकूण हिशेबात ते खपून जाते. मुलगा मात्र समूहाने जन्मत नाही. आईबापाला तो एकच असतो, आणि त्याचे आयुष्य त्यालाही एकच असते.

भाव ऐकू येतो

शिवाय गाठीत आणि मुलात याहून मोठा भेद आहे. कापसाच्या गाठीला आपला भाव ऐकू येत नाही. मुलाला येतो.

गाठीवर तुम्ही कमी भाव लिहिलात म्हणून तिचा धागा आखूड होत नाही. मुलाला ‘हा फसला’ म्हटले की, पुढच्या सामन्यात काठी हाती घेताना त्याला ते आठवते. चकती पुढे ढकलण्याचे धाडस करण्याऐवजी तो चूक टाळू पाहतो. चूक टाळणाऱ्याच्या हातून मोठे काही घडत नाही. आणि मग लोक म्हणतात, ‘पाहा, आम्ही म्हटलेच होते.’ येथे भाकीत खरे ठरले नाही, भाकिताने आपल्याजोगती वस्तुस्थिती घडविली. अती स्तुतीचेही तेच. पंधराव्या वर्षी ‘असाधारण’ म्हटलेल्या मुलाने असाधारणच असावे, हा त्याच्यावर लादलेला न फिटणारा कर्जरोखा होतो.

म्हणून ‘हा मुलगा यशस्वी होईल काय?’ हा प्रश्न अर्धाच आहे. ज्यांच्या हाती तो पडला, ते त्याला किती वर्षे देतील, त्याच्या चुकीकडे कसे पाहतील, हा त्याचा उरलेला अर्धा भाग होय. स्लाफकोव्हस्कीच्या १० गुणांच्या वर्षानंतर संघाने त्याला टाकले नाही, हा त्याच्या ५० गुणांच्या वर्षाचा पाया होता. राइटने दुय्यम लीगमधील वर्ष अपमान न मानता शिक्षण मानले, हा त्याच्या ४४ गुणांचा पाया होता. हे दोन्ही पाया ड्राफ्टच्या रात्री कोणत्याही यादीत दिसत नव्हते.

विकेनहायझरचा शेवट

आता ती अर्धी सोडलेली गोष्ट पुरी करू.

सेंट लुइसला गेल्यावर १९८५ मध्ये एका अपघातात विकेनहायझरचा गुडघा चिरडला. तो पुन्हा खेळेल असे कोणास वाटत नव्हते. शस्त्रक्रिया झाली आणि वर्षभरात तो परतला. १२ मे १९८६ च्या रात्री कॅलगरीविरुद्ध हरल्यास बाहेर, असा सामना होता. सेंट लुइस अखेरच्या भागात ५–२ ने मागे होते. त्यांनी बरोबरी साधली आणि जादा वेळेत विजयाचा गोल केला तो विकेनहायझरने. ‘सोमवारच्या रात्रीचा चमत्कार’ म्हणून ती रात्र त्या शहराने आजही जपली आहे. पुढचा सामना सेंट लुइस हरले, करंडक मिळाला नाही. पण त्या गोलाची स्मृती पुसली गेली नाही.

एकूण ५५६ सामने, १११ गोल, २७६ गुण. तिकडे सावारचे १३३८. आकड्यांनी पाहिले तर तुलनाच नाही. खेळ सोडल्यावर विकेनहायझर सेंट लुइसमध्येच राहिला. कर्करोगाने जानेवारी १९९९ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्याचे निधन झाले. त्याच्या जर्सीवरील १४ हा अंक सेंट लुइस संघाने आपल्या धर्मादाय निधीस दिला. माँट्रियलने ज्याला ‘चुकलेली निवड’ म्हणून लक्षात ठेवले, त्याला दुसऱ्या एका गावाने आपला माणूस म्हणून लक्षात ठेवले. माणूस एकच, वह्या दोन.

तेव्हा राइट आणि स्लाफकोव्हस्की यांच्यात खरा कोण ठरेल, याचे उत्तर हा लेख देणार नाही. दोघेही पंचविशीच्या आत आहेत. ज्यांना वाद घालावयाचा आहे ते घालोत. खेळावर प्रेम करणाऱ्यांचा तो हक्क आहे. आपल्यापुरते पाहावयाचे ते एवढेच की, असे ड्राफ्ट आपल्या घरांतही होतात. त्याला दिवे नसतात, व्यासपीठ नसते. दहावी-बारावीचा निकाल लागतो, पाहुणे बसलेले असतात, आणि मुलगा आतल्या खोलीत आहे असे समजून कोणी म्हणून जाते, ‘मोठा हुशार आहे, हा मात्र दुकानातच बसेल.’ एका वाक्यात दोन क्रमांक पुकारले जातात. एकाला कर्जरोखा मिळतो, दुसऱ्याला कमी भाव. आणि ज्या गादीवर बसून आजोबांनी घर उभे केले, ती गादी त्याच वाक्यात शिक्षेची जागा होते.

त्याऐवजी निदान तीन वर्षे वही उघडी ठेवावी. जमा आणि नावे, दोन्ही बाजू लिहाव्यात. आणि बोलताना एवढे लक्षात असू द्यावे की, आतल्या खोलीचे दार पातळ असते.